व्हेरोनात न जेवलेला माणूस

याकूब मुकादमांना राग यायला मोठं कारण लागत नसे. 'तोंडाला पाणी सुटेल असा' एवढे शब्द पुरत. कुणी लिहून आणलेल्या मजकुरात ते दिसले, की कागद टेबलावरून परत सरकवत ते विचारत, "कुणाच्या तोंडाला?" समोरचा हसला तर पुन्हा तेच विचारत. दुसऱ्यांदा सहसा कुणी हसत नसे.

दुबई मरीनातल्या एका उंच इमारतीत आमच्या इंग्रजी साप्ताहिकाची कचेरी होती. मी कॉपी डेस्कवर होतो आणि मुकादम प्रवासाची पानं बघत. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून ते तरुणपणी आखातात आले, आधी एका छापखान्यात मुद्रितं तपासायला, मग आमच्याकडे. याहून जास्त चरित्र त्यांनी कधी सांगितलं नाही. माझ्याशी मराठीत बोलत, बाकीच्यांशी हिंदीत किंवा इंग्रजीत. राग मात्र कुठल्याही भाषेत सारखाच असे: आवाज चढत नसे, उलट खाली जात असे. ते हळू बोलू लागले, की शेजारच्या टेबलांवरचे लोक कान टवकारत.

दर वर्षी सुट्टीत ते पत्नीला, झुबेदाभाभींना, घेऊन इटलीला जात. पहिल्यांदा तिकीट स्वस्त पडलं म्हणून गेले. तिथे मोठी माणसं भर रस्त्यात डाळीच्या आमटीवरून भांडताना दिसली. हा देश आपला आहे, असं त्यांचं मत झालं आणि मग ते जातच राहिले. परत आले की त्यांचं पान निघे: अमुक शहरात कुठे जेवावं. मुकादम हलाल नसलेलं मांस खात नसत आणि दारूला शिवत नसत. इटलीत अशा माणसाने जेवायचं म्हणजे प्रत्येक ताटाची चौकशी करायची. वाटाण्याच्या सूपमध्ये हाड उकळलंय का, भातात वाइन घातलीय का, वांगी कशात तळलीत. ही चौकशी ते करत आणि छापत. त्यामुळे त्यांचं पान आखातातल्या मुसलमान घरांत वाचलं जाई, तसंच ते गुजराती आणि मराठी शाकाहारी घरांतही वाचलं जाई. कित्येकांनी ते कापून पासपोर्टसोबत ठेवलेलं असे.

जागा निवडायची त्यांची एक रीत होती. हॉटेलच्या काउंटरवर विचारायचं नाही. कुठे चांगलं मिळतं, असं तर कुणालाच विचारायचं नाही. औषधाच्या दुकानात शिरायचं, डोकेदुखीच्या गोळ्या घ्यायच्या आणि दुकानदाराला विचारायचं, "शेवटचं बाहेर कुठे जेवलात?" लोक शिफारस करताना खोटं बोलतात, शेवटच्या जेवणाबद्दल बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. बोलोन्यात एका औषधवाल्याने उत्तर दिलं, "सासूकडे." मुकादमांनी तिथेही हार मानली नाही. "आणि सासू बाहेर कुठे जेवते?" झुबेदाभाभी हा किस्सा सांगत तेव्हा शेवटी म्हणत, "गोळ्यांचा डबा भरलाय घरी. डोकं माझं दुखतं, उपाशी फिरून."

वाइनचं काय करायचं हा प्रश्न होता. इटलीच्या पानावर वाइन नसेल तर निम्मे वाचक नाराज होणार, आणि मुकादम न चाखलेल्या गोष्टीवर एक ओळ लिहिणार नाहीत. त्यांनी मार्ग काढला. आपण घेत नाही हे ते उघड लिहीत आणि शेजारच्या टेबलाचं वार्तांकन करत. 'पलीकडे बसलेल्या दोन सुतारांनी घरची तांबडी मागवली. सुरई रिकामी केली. दुसरी मागवली.' किंवा, 'मालकाने सुचवलेली महागडी बाटली पर्यटक जोडप्याने अर्धी ठेवली आणि ते उठले.' यापुढे काही नाही. वाचकाने काय ते समजून घ्यावं. वाइनची जाण असलेले आमचे काही वाचक हेच भाग आधी वाचत.

"सगळ्या इटलीत ह्यांनी लोकांच्या ग्लासांत डोकावून बघितलंय," झुबेदाभाभी म्हणत. "एकाला वाटलं, हा माझ्या बायकोकडे बघतोय. उठून आला की मारायला!"

"मारलं नाही," मुकादम म्हणत. "वाइन वाईट होती, हे त्याने कबूल केलं."

मरीनात दुपारी आम्ही पाण्याच्या कडेने चालत जेवायला जायचो. प्रत्येक दारात एक मुलगा मेन्यू धरून उभा. "यस सर, इटालियन, इंडियन, सीफूड, सुशी, एव्हरीथिंग हॅव!" मुकादम थांबत आणि हळू आवाजात विचारत, "आज तू काय खाल्लंस?" मुलगा गोंधळे. बहुतेक वेळा उत्तर येई, रूमवरून डबा आणलाय. "मग तुझ्या डब्याचा मेन्यू दाखव," असं म्हणून ते पुढे जात. त्या मुलांवर त्यांचा राग नव्हता. ज्याने त्यांना उन्हात उभं करून स्वतः न खाल्लेल्या अन्नाची तारीफ करायला लावली, त्याच्यावर होता. तो माणूस कधी दारात दिसत नसे.

पुढे तो माणूस आमच्याच कचेरीत आला, असं म्हणता येईल. पण तो एक माणूस नव्हता, आणि जी आली ती वाईटही नव्हती.

ऋचा देवस्थळी अबू धाबीत वाढलेली, तिशीतली, जाहिरात आणि 'कंटेंट' हे दोन्ही विभाग तिच्याकडे सोपवलेले. हसरी, कामाला वाघ. मुकादमांना ती अंकल म्हणे. एका पर्यटन कंपनीशी तिने करार केला: इटलीतल्या शहरांची पानं त्यांच्या पैशांवर निघतील, काही जागा ते सुचवतील. मुकादम पुतण्याच्या लग्नासाठी गावी गेले होते. व्हेरोनाचं पान अडकलं होतं. ऋचाच्या टीमने कंपनीची यादी घेतली, मुकादमांचे जुने लेख एका सॉफ्टवेअरला खाऊ घातले आणि त्यांच्या शैलीत पान तयार करून घेतलं. वर त्यांचं नाव आणि फोटो. प्रवासाच्या पानावर ते कायमच असत.

मुकादम व्हेरोनाला कधी गेले नव्हते.

सॉफ्टवेअरने शैली चांगली उचलली होती. छोटी वाक्यं, एकही विशेषण नाही. शाकाहारी माणसाने घेवड्याचं सूप निर्धास्त घ्यावं, असं पहिल्याच जागेबद्दल लिहिलं होतं. फक्त शेजारच्या टेबलाचं गणित त्याला समजलं नाही. तिथे ओळ होती: 'सोबत मी आमारोने वाइनचे दोन ग्लास घेतले.'

मुकादम गावाहून परतले त्या सकाळी डेस्कवरचा फोन वाजला. दुबईतल्याच सिलिकॉन ओएसिस वस्तीतल्या मानसी आपटे बोलत होत्या. त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाची सहल होती, वडील नाना सोबत होते. ऐंशी उलटलेले, जन्मभर मांसाला न शिवलेले. यादीतल्या पहिल्याच ठिकाणी ते गेले. नानांनी घेवड्याचं सूप घेतलं. शेवटी वाटीच्या तळाशी चामड्यासारखा एक तुकडा निघाला. मानसींनी वेटरला विचारलं. डुकराची कातडी, त्याशिवाय सूपला चव कशी येणार, असं तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"मुकादमसाहेब, मी भांडायला फोन नाही केला," बाई म्हणाल्या. "आम्ही कुठेही गेलो तर मी स्वतः विचारते. तिथे विचारलं नाही. तुमचं नाव होतं म्हणून नाही विचारलं."

मुकादमांनी पान मागवून घेतलं. उभ्यानेच वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं. आपल्या शैलीतला, आपण न लिहिलेला मजकूर वाचताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मी त्या दिवशी पाहिलं. त्याचं वर्णन करण्याजोगा शब्द माझ्याकडे नाही, आणि असता तर त्यांनी खोडला असता.

दुपारी अल ऐनहून हनीफभाईंचा फोन आला. हे त्यांचे मोठे भाऊ. हार्डवेअरचं दुकान चालवतात. गावच्या जमातीची इथे एक संघटना आहे. मयत झाली तर गावी पाठवायची सोय, नव्या मुलाला नोकरी, असली कामं ती करते, आणि मुकादम तिचे चिटणीस होते. संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाइनच्या त्या एका ओळीचा फोटो फिरत होता. कुणी तरी त्याभोवती लाल गोल काढला होता.

"हे काय रे याकूब?" फोन स्पीकरवर होता. "दोन ग्लास? आणि छापतोस वर?"

"मी लिहिलं नाही, भाईजान."

"नाव तुझं, थोबाड तुझं. मग काय कुण्या जिन-भुताने लिहिलं?"

"जवळपास," मुकादम म्हणाले.

संध्याकाळच्या बैठकीला संपादक, ऋचा, मुकादम आणि डेस्कतर्फे मी, असे होतो. ऋचाचा चेहरा खरोखर पडला होता. तिने कागदावर माफी तयारच करून आणली होती. 'श्री. मुकादम मद्यपान करत नाहीत. त्यांच्या धार्मिक भावना दुखावल्या गेल्या, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' पहिल्या पानावर, चौकटीत.

"अंकल, आय ॲम सो सॉरी. सीरियसली. ती लाइन कुणी चेकच केली नाही. पुढच्याच अंकात छापू. ऑनलाइनवरून तर आत्ताच काढली."

मुकादमांनी कागद वाचला आणि टेबलावरून परत सरकवला.

"माझ्या भावना बाजूला ठेव," ते म्हणाले. आवाज एव्हाना खाली गेला होता. "असं लिही: ह्या माणसाने ह्यातल्या एकाही जागी जेवण केलेलं नाही. हा त्या शहरात गेलेला नाही."

"पण अंकल, इश्यू तर वाइनचा आहे ना?"

"वाइनचा इश्यू तुझा आहे. माझा सूपचा आहे."

"सूपचं आपण करेक्ट करू. 'काही पदार्थांत मांस असू शकतं,' असं टाकू."

"हे छापलंस तर लोक काय समजतील? मुकादम तिथे गेला, जेवला, फक्त वाइन घेतली नाही. म्हणजे खोटं आणखी पक्कं झालं. खोट्याला इस्त्री केलीस तू."

संपादकांनी मध्ये पडून समजावलं. 'गेलेला नाही' असं छापलं तर पान कुणी लिहिलं हा प्रश्न येणार. मग बाकीच्या शहरांची पानं कुणी लिहिली हाही येणार. करार अजून सहा पानांचा बाकी होता. "हबीबी, इट्स अ लाइफस्टाइल पेज," ते म्हणाले. "इट्स नॉट अ वॉर." आणि मग, अगदी मायेने: "वुई आर ट्राइंग टू प्रोटेक्ट यू विथ युअर कम्युनिटी."

"कम्युनिटीसाठी थँक यू," मुकादम म्हणाले आणि उठले.

मला त्या बैठकीचा आजही राग येतो, आणि तो नेमका कशाचा हे सांगता येतं. त्या खोलीतला प्रत्येक जण सौजन्याने वागत होता. मुसलमान माणसाला मुसलमान म्हणून दुखावलं, याची त्यांना लाज वाटत होती आणि ती लाज ते चौकटीत छापायला तयार होते. तो बातमीदार आहे आणि त्याला बातमीदार म्हणून लुटलं, हे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. आणि जी माफी समोर होती ती घेतली असती, तर मुकादम गावात त्याच दिवशी सुटले असते.

घरी आणि अल ऐनला तेच चाललं होतं. हनीफभाई स्वतः गाडी चालवत दुबईला आले. "देतायत ना छापून? घे आणि खलास कर. ग्रुपवर टाकतो, सगळ्यांची तोंडं बंद."

"अर्धंच छापतायत."

"आपल्या कामाचं अर्धं छापतायत ना? दुसरं अर्धं कुणाला पाहिजे? तुझ्या सुपाचं गावात कुणाला पडलंय?"

झुबेदाभाभींना शेजारणी विचारत होत्या. त्यांनी नवऱ्याला विचारलं, लोकांना सांगू तरी काय. "सांग, तो व्हेरोनाला गेलाच नाही," मुकादम म्हणाले.

"अहो, लोक व्हेरोनाचं विचारतच नाहीत!"

संघटनेने त्यांना काही दिवस बाजूला राहायला सांगितलं. त्यांनी चिटणीसपदाचे कागद हनीफभाईंच्या हातात दिले आणि एका शब्दाने सफाई दिली नाही. दारू घेतली नाही, असं शपथेवर सांगितलं असतं तर जमातीने मानलं असतं. पण मग तिथेही तेच झालं असतं: वाइन नाही घेतली, जेवला मात्र. ते म्हणाले, "एकच वाक्य आहे माझं. तुकडे करून विकणार नाही."

एका शुक्रवारी त्यांनी मला विचारलं, सिलिकॉन ओएसिसला सोडशील का. मानसी आपटे दार उघडून अवघडल्या. माफी मागायला माणूस घरी येतो, याची त्यांना सवय नव्हती. नाना सोफ्यावर बसले होते, बारीक, ताठ, शर्टाचं वरचं बटण लावलेलं.

"मी त्या ठिकाणी गेलो नव्हतो," मुकादम म्हणाले. "माझ्या नावावर छापलं गेलं. माझं नाव बघून तुम्ही जेवलात. मला माफ करा."

नानांनी त्यांना हाताने बसायची खूण केली.

"तुम्हाला एक सांगू का?" ते म्हणाले. "मानसीला बोललो नाहीये. सूप चांगलं होतं. दुसरी वाटी मागितली ती भुकेने नाही, आवडलं म्हणून."

"नाना!" मानसी म्हणाल्या.

"खरं तेच सांगतोय. ऐंशी वर्षं मला वाटत होतं, मला ते आवडणारच नाही, म्हणून मी खात नाही. आता कळलं, आवडतं. मग इतकी वर्षं मी नक्की काय करत होतो?" "कातडीचं एवढं नाही हो. पण हे मला कळायला नको होतं. याचा राग मी कुणावर काढू? त्या वेटरवर?"

"माझ्यावर काढा," मुकादम म्हणाले.

"तुम्ही तर तिथे गेलाच नव्हता," नाना म्हणाले.

कचेरीत बहुतेकांना न समजलेली गोष्ट त्या म्हाताऱ्याने पहिल्याच झटक्यात मान्य केली होती. मुकादमांनी मान खाली घातली. मानसींनी चहा आणला. दोघांनी तो प्यायला.

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. इथे नोकरी सोडणं म्हणजे फक्त नोकरी सोडणं नसतं. व्हिसा कंपनीचा, त्यावर बायकोचा, त्यावर घराचा करार. ऋचा माझ्या टेबलाशी येऊन रडवेली होऊन म्हणाली, "पण त्यांना कुणी जा म्हटलंच नव्हतं. आय डोन्ट गेट इट. एका पानासाठी?" ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. कचेरीतल्या फार थोड्या लोकांना कळलं, आणि ज्यांना कळलं ते, माझ्यासकट, दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आले.

ऑनलाइन पानावरून वाइनची ओळ गेली, सूपच्या ओळीखाली बारीक अक्षरांत सूचना आली, बाकी पान तसंच राहिलं. नाव आणि फोटोही.

मुकादमांना मी शेवटचं पाहिलं ते युरोपच्या व्हिसा अर्जांच्या केंद्रात. त्या वर्षीच्या इटलीच्या सहलीसाठी त्यांनी दोघांचे पासपोर्ट आधीच दिलेले होते. आता इथलं वास्तव्यच रद्द व्हायचं होतं, म्हणून ते अर्ज मागे घ्यायला आले होते. मी माझी फाइल घेऊन रांगेत होतो. त्यांनी मला पाहिलं नाही. खिडकीवरून दोन्ही पासपोर्ट घेऊन ते वळले, आणि खुर्च्यांच्या ओळीत बसलेल्या एका जोडप्यापाशी थांबले. नवं लग्न झालेली मराठी पोरं. दोघांच्या मध्ये एक फोन, आणि फोनवर ते पान.

"हे वाचू नका," मुकादम म्हणाले.

मुलीने वर पाहिलं, मग फोनकडे, मग पुन्हा वर. तिचा चेहरा उजळला. "ओ माय गॉड, अंकल, हे तुम्हीच आहात ना!"

"फोटो माझा आहे. मजकूर माझा नाही. व्हेरोनात मी कधी जेवलो नाही."

"म्हणजे फेक आहे हे?" मुलाने विचारलं.

"हो."

"शिट. आम्ही चार दिवस तिथेच आहोत." मुलगा सरकला, त्यांना बसायला जागा केली. "बरं झालं भेटलात. मग तुम्हीच सांगा ना अंकल, खायचं कुठे? आणि वाइन? एक-दोन चांगली नावं द्या फक्त."

मुकादम बसले नाहीत. इटलीविषयी त्यांना जेवढं माहीत होतं, त्यातून व्हेरोनासाठी दोन पटण्याजोगी वाक्यं बनवणं त्यांना अवघड नव्हतं. समोरच्या दोघांनी ती आनंदाने लिहून घेतली असती.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी तिथे गेलेलो नाही."

मुलं थोडा वेळ वाट बघत राहिली, पुढे काही येईल म्हणून. मग मुलगा "ओके अंकल, थँक्स" म्हणाला, आणि मुलीने फोन पुन्हा दोघांच्या मध्ये धरला.

"असू दे," ती त्याला म्हणाली. "ह्याच्यात निदान नावं तरी आहेत."

ते ऐकू येण्याइतके मुकादम अजून जवळ होते.